अमेरिकन आर्मीत वेळेआधी प्रमोशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१४ साली ग्रीन कार्डावर अमेरिकन आर्मीत भरती झालो आणि २०२० मध्ये सार्जंट म्हणून बाहेर पडलो. काम सप्लायचं, आर्मीच्या भाषेत ९२-वाय. घर मूळचं साताऱ्याकडचं. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या फोनवर ‘जेवलास का’च्या आधी ‘प्रमोशन कधी’ यायचं. आता ओळखीतल्या मराठी मुलांचे फोन येतात, आणि मुलांपेक्षा त्यांच्या आई-बाबांचे जास्त. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदा लिहून ठेवतोय.

हे सगळं खालच्या चार पायऱ्यांबद्दल आहे, ई-१ ते ई-४. नियमावलीचा क्रमांक एआर ६००-८-१९. ती अधूनमधून सुधारली जाते, म्हणून अर्ज पुढे सरकवण्याआधी चालू प्रत काढून बघा. आर्मीच्या प्रकाशनांच्या साइटवर ती कुणालाही फुकट मिळते.

या चार पायऱ्या नेमक्या कोणत्या?

ई-१ म्हणजे प्रायव्हेट. युनिफॉर्मवर छातीच्या मधोमध रँक लावायला व्हेल्क्रोचा चौकोन असतो, ई-१चा तो रिकामाच. म्हणून त्याला ‘फझी’ म्हणतात. ई-२ही प्रायव्हेटच, पण एक टोकदार फीत मिळते. तिचं बराकीतलं नाव ‘मॉस्किटो विंग्ज’, डासाचे पंख. ई-३ म्हणजे प्रायव्हेट फर्स्ट क्लास, पीएफसी. फितीखाली एक कमान येते. ई-४ला ढालीच्या आकारात गरुड, तो स्पेशलिस्ट. त्याच पगारात दोन फितींचा कॉर्पोरलही असतो, पण कॉर्पोरलच्या हाताखाली माणसं असतात आणि तो एनसीओ, म्हणजे कमिशन नसलेला अधिकारी, धरला जातो. स्पेशलिस्ट नाही.

ठरलेल्या वेळेला किती दिवस लागतात, आणि ‘वेळेआधी’ म्हणजे किती आधी?

दोन घड्याळं एकदम चालू असतात. एक एकूण नोकरीचं, टाइम इन सर्व्हिस. दुसरं हातातल्या रँकचं, टाइम इन ग्रेड.

ई-२ला ६ महिने नोकरी लागते. ई-३ला १२ महिने नोकरी आणि ई-२वर ४ महिने. ई-४ला २४ महिने नोकरी आणि ई-३वर ६ महिने. एवढं भरलं, तुमच्यावर कसली बंदी नसली आणि कमांडरने नाव अडवलं नाही, तर प्रमोशन आपोआप लागतं. त्यासाठी काही पराक्रम करावा लागत नाही.

वेव्हर, म्हणजे कमांडरने मुदतीत दिलेली सूट, मिळाला तर हेच आकडे खाली येतात. ई-२ला ४ महिने. ई-३ला ६ महिने नोकरी, रँकवर २ महिने. ई-४ला १८ महिने नोकरी, रँकवर ३ महिने. म्हणजे स्पेशलिस्टचा गरुड जास्तीत जास्त सहा महिने आधी मिळतो. त्याच्या आत कमांडरने मनात आणलं तरी देता येत नाही.

नोकरी मोजायची ती अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी सुरू झाल्या दिवसापासून. भरतीच्या कागदांवर सही केल्यावर घरी बसून काढलेले महिने त्यात नसतात. हे न कळल्यामुळे एका काकूंनी मला फोनवर चांगलं फैलावर घेतलं होतं, जणू त्यांच्या मुलाचे चार महिने मीच खाल्ले.

पैशात कितीचा फरक पडतो?

एप्रिल २०२५च्या तक्त्यात, नोकरी दोन वर्षांच्या आत असताना, मूळ पगार ई-२ला महिना सुमारे २,६०० डॉलर, ई-३ला २,७३० आणि ई-४ला ३,०३० होता. त्या वर्षी ई-१ ते ई-४ला जानेवारीत साडेचार टक्के आणि एप्रिलमध्ये आणखी दहा टक्के वाढ मिळाली होती. म्हणजे ई-४ सहा महिने आधी लागलं तर हातात साधारण अठराशे डॉलर जास्त पडतात, करापूर्वी. खरा फायदा पुढे आहे. सार्जंटच्या रांगेत तुम्ही लवकर उभे राहता.

वेव्हर देतं कोण?

तुमचा कंपनी कमांडर, म्हणजे बहुधा एक कॅप्टन. पण कॅप्टनला तुमचं नाव माहीत असेलच असं नाही. शंभर-सव्वाशे माणसांच्या कंपनीत त्याला नावं आठवतात ती फार चांगल्यांची आणि फार वाईटांची. मधले सगळे ‘तो सप्लायवाला’.

नाव निघतं खालून. तुमचा टीम लीडर किंवा स्क्वॉड लीडर प्लाटून सार्जंटला सांगतो, तो फर्स्ट सार्जंटला (कंपनीतला सर्वात वरिष्ठ सार्जंट), आणि फर्स्ट सार्जंट यादी घेऊन कमांडरकडे जातो. माझ्या वेळी कंपनीला महिन्याला मोजकेच वेव्हर यायचे, किती ते माणसांच्या संख्येवरून ठरायचं. कधी दोन, कधी एक, कधी शून्य.

सार्जंट झाल्यावर मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिलो आहे, म्हणून आत काय होतं ते सांगतो. फर्स्ट सार्जंट नाव वाचतो आणि मान वर न करता विचारतो, “का?” ज्याने नाव दिलंय त्याच्याकडे तेव्हा एका वाक्याइतकाच वेळ असतो. “चांगला मुलगा आहे, कष्टाळू आहे” म्हटलं की नाव गेलं, कारण खोलीतले सगळेच आपल्या पोराबद्दल तेच म्हणतात. “मागच्या महिन्यात जनरेटरच्या चार नोंदी जुळत नव्हत्या, यानं त्या शोधून काढल्या” म्हटलं की पेन हलतं.

ते वाक्य तुमच्या सार्जंटच्या तोंडात घालणं एवढंच तुमच्या हातात आहे.

ते वाक्य तयार कसं करायचं?

ऑगस्ट २०१५, टेक्सास. मी पीएफसी, नोकरीला तेरा महिने. आमचा कमांडर बदलत होता. कमांडर बदलला की जुना आणि नवा मिळून कंपनीची सगळी मालमत्ता मोजतात, त्याला तीस दिवसांची मुदत असते. ‘सगळी’ म्हणजे खरोखर सगळी. ट्रक मोजला की झालं, असं नसतं. ट्रकबरोबर आलेला जॅक, जॅकचा दांडा, पाने, सगळं ताडपत्रीवर मांडायचं आणि यादीतल्या ओळीशी एकेक जुळवायचं. नाही जुळलं तर ते तुटीच्या कागदावर चढतं आणि कुणाच्या तरी खिशातून जातं.

पहिल्या दिवशी सकाळी मोटरपूलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आवारात, नुसता गोंधळ. डांबर तापलेलं, मेकॅनिकांचा डबा उघडून पोरं ताडपत्रीवर लोखंड टाकतायत, आणि नवे कॅप्टन यादीतून एक नाव वाचून विचारतायत, हे कुठंय? कुणालाच सांगता येईना, कारण यादीत त्या पान्याचं जे नाव होतं ते कुणी कधी तोंडाने उच्चारलेलं नव्हतं.

त्या रात्री सप्लाय रूममध्ये बसून मी दुसऱ्या दिवशीच्या सामानाच्या टेक्निकल मॅन्युअलची चित्रं असलेली पानं छापली. प्रत्येक वस्तूवर यादीतला क्रमांक लाल पेनाने लिहिला आणि पानं प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली. सकाळी प्रत्येक ताडपत्रीच्या कोपऱ्यावर एक पिशवी, वर दगड. पोरं चित्र बघून त्याच क्रमाने मांडायला लागली. कॅप्टन क्रमांक वाचायचे, समोरचा वस्तू उचलायचा, पुढे. अकरा वाजता आम्ही सावलीत होतो.

यात बुद्धीचं काम काहीच नव्हतं, साताऱ्यातला कुठलाही दुकानदार माल असाच लावतो. पण माझ्या सार्जंटला वाक्य मिळालं, आणि नव्या कॅप्टननी ते स्वतः पाहिलेलं होतं.

तुमचं खातं वेगळं असेल. मेकॅनिक असाल तर गाडी किती दिवस उभी राहिली ते बघा. ऑफिसात असाल तर कुणाची रजा कुठल्या टेबलावर अडकली ते बघा. जिथे रोज कुणीतरी वैतागतो, तिथे बघायचं. आणि सांगितलेलं काम आधी पूर्ण करायचं, मग हे. स्वतःचं काम अर्धवट टाकून ‘इनिशिएटिव्ह’ दाखवणारा सगळ्यांच्या डोक्यात जातो.

पीटीचं किती महत्त्व?

व्हायला नको तितकं, पण आहे. माझ्या वेळी एपीएफटी ही शारीरिक चाचणी होती, तीन प्रकार, कमाल ३००. आता १ जून २०२५पासून एएफटी आहे. पाच प्रकार: डेडलिफ्ट, हात उचलून पुशअप, धावत ओढण्या-वाहण्याचा स्प्रिंट, प्लँक आणि दोन मैल धाव. कमाल ५००, प्रत्येकात किमान ६०. लढाऊ शाखांना एकूण ३५० लागतात, बाकीच्यांना ३००.

काठावर पास होणाऱ्याचं नाव वेव्हरसाठी सहसा कुणी घेत नाही, कारण पुढच्या चाचणीत तो नापास झाला तर नाव देणाऱ्याचं हसं होतं. आपल्या मुलांचा दम बरा असतो, खांदे कमी पडतात. भरतीच्या आधी तीन महिने डेडलिफ्ट नीट शिकून घ्या, एखाद्या जाणत्या माणसाकडून. पाठ गेली तर प्रमोशनचं सोडाच.

नेमबाजीचा कागदही बघतात. ४० लक्ष्यांपैकी २३ पडली तर पास, ३० वर शार्पशूटर, ३६ वर एक्सपर्ट. वेव्हरसाठी एक्सपर्टच हवा असं नाही, पण दोन नावं बरोबरीत आली तर तिथं ठरतं.

‘फ्लॅग’ म्हणजे काय? मुलगा म्हणतो फ्लॅग लागला म्हणून थांबलंय.

फ्लॅग म्हणजे नावावर लागलेली बंदी. तो असेपर्यंत प्रमोशन नाही, आपोआपचंही नाही. पीटीत नापास, वजन-मापात न बसणं, शिक्षेची कारवाई, पोलिस किंवा आर्मीची चौकशी, यातलं काहीही कारण असू शकतं. चौकशीत तुम्ही निर्दोष ठरलात तर मागची तारीख मिळू शकते. पीटी किंवा वजनाचा फ्लॅग असेल तर गेलेले महिने गेले.

मला स्वतःला लागला होता, आणि तो कंदी पेढ्यांमुळे. २०१५च्या दिवाळीला रजा घेऊन घरी गेलो. दीड वर्षात पहिल्यांदा. आजी जिवंत होती, ताटात पडलेलं नाही म्हणायची सोय नव्हती. परतलो आणि डिसेंबरात वजन-उंची निघाली. वजन तक्त्याच्या वर, म्हणून टेप. तेव्हा पुरुषांची मान आणि बेंबीपाशी पोट मोजायचे आणि त्यावरून शरीरातली चरबी काढायचे. माझ्या वयाला मर्यादा २२ टक्के, टेप २३ म्हणाली. मी मान फुगवायचा प्रयत्न केला, तर सार्जंट म्हणाला, “श्वास सोड, मला घाई नाही.”

जानेवारीत मला अठरा महिने होत होते आणि सार्जंटने नाव दिलेलं होतं. ते मागे घ्यावं लागलं, तो वेव्हर दुसऱ्याला गेला. फेब्रुवारीअखेर मी मापात बसलो, फ्लॅग उतरला, आणि एप्रिलमध्ये, एकविसाव्या महिन्यात, स्पेशलिस्ट झालो. मोटरपूलमधला तो सगळा खटाटोप एका टक्क्याने तीन महिने मागे गेला. सार्जंट एका शब्दाने रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रजेवरून परतणार असाल तर वजन कधी निघणार ते जायच्या आधी विचारून ठेवा.

बोर्ड म्हणजे काय? ई-४साठी लागतो का?

बोर्ड म्हणजे वरिष्ठ सार्जंटांसमोरची तोंडी परीक्षा. ई-४साठी नियमाने तो लागत नाही. ई-४पर्यंत कमांडरची सही पुरते. पण कंपनी आणि बटालियनमध्ये ‘सोल्जर ऑफ द मंथ’सारखे बोर्ड असतात. तिथे जिंकलात तर फर्स्ट सार्जंटला नाव सांगावं लागत नाही, त्याला ते माहीत असतं. कारण बोर्डावर बहुधा तोच बसलेला असतो.

दार ठोकायचं, आत यायचं, टेबलासमोर थांबून सॅल्यूट, नाव सांगून हजेरी. मग खुर्ची. प्रश्न येतात इतिहासाचे, प्रथमोपचाराचे, नकाशावाचनाचे, शस्त्राचे. ‘सोल्जर्स क्रीड’, म्हणजे सैनिकाची प्रतिज्ञा, म्हणायला सांगतात. युनिफॉर्म उभा राहून तपासतात, आणि तोही पट्टीने. माझ्या वेळच्या निळ्या ड्रेसवर रिबनची ओळ खिशाच्या वर एक अष्टमांश इंच असायला हवी होती. मी मित्राकडून मोजून घेतली, त्याने पट्टी उलटी धरलेली. बोर्डावरच्या एका सार्जंट फर्स्ट क्लासने जवळ येऊन नुसती जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं. बाकी उत्तरं बरी गेली होती. दुसरा आलो.

उत्तर येत नसेल तर आर्मीत त्याचं ठरलेलं वाक्य आहे: “आत्ता माहीत नाही, शोधून सांगतो.” ते म्हणायला लाजू नका. आपल्याकडे तोंडी परीक्षेत गप्प बसलं की सर दया करतात. इथे गप्प बसलेला माणूस डोळ्यांत भरतो, आणि वाईट अर्थाने.

भारतातली पदवी आहे. ई-१पासूनच सुरुवात करावी लागते का?

नाही, आणि हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो. कॉलेजचे २४ सेमिस्टर तास असतील तर ई-२, ४८ असतील तर ई-३, आणि बॅचलर पदवी असेल तर थेट ई-४ म्हणून भरती होता येतं. हायस्कूलातलं जेआरओटीसी (आपल्या एनसीसीसारखं), ईगल स्काउट (स्काउटांतली सर्वोच्च पायरी) यांनाही वरची पायरी मिळते.

भारतातल्या पदवीचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. विद्यापीठाच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, सगळं. तुमच्या विद्यापीठाला सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट पाठवायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, त्या हिशेबाने आधी अर्ज करा. रिक्रूटर कधी कधी म्हणतो, “आधी जा, मग तिथे बघू.” बघू म्हणू नका. करारात जी रँक छापून येते ती खरी, तोंडी रँकला बेसिकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणात, कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. थेट ई-४ होऊन आलेला बत्तीस वर्षांचा इंजिनिअर आणि दोन वर्षं ऊन खाऊन ई-४ झालेला एकवीस वर्षांचा पोरगा एकाच खोलीत राहतात. छातीवर गरुड आहे म्हणून त्याला कामं सांगायला जाऊ नका. वर्षभर त्याच्याकडून शिका.

नागरिकत्व नसलं तर प्रमोशन अडतं का?

ई-४पर्यंत नाही. अडतं ते कामाची शाखा निवडताना, कारण सिक्युरिटी क्लिअरन्स नागरिकालाच मिळतो आणि बऱ्याच शाखांना तो लागतो. ऑफिसर किंवा वॉरंट ऑफिसर व्हायचं तरी नागरिकत्व हवं. मी फोर्ट जॅक्सनला बेसिक संपतासंपता नागरिक झालो, तेव्हा तिथेच शपथ देण्याची सोय होती. त्यासाठी अर्ज करावा लागतो. युनिटकडून नोकरीच्या दाखल्यावर, एन-४२६वर, सही घ्यायची आणि नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, भरायचा, सैनिकांना त्याची फी नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी २००९मध्ये मावनी नावाची योजना सुरू झाली होती, भाषांच्या यादीत हिंदी होती. त्यातून बरेच भारतीय मास्टर्सवाले आर्मीत गेले. २०१६मध्ये तिची भरती थांबली. अजूनही दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून लिहिलं. एच-१बीवरून आज भरती होता येत नाही.

मला प्रमोशन हवंय असं स्वतः म्हणायचं? बरं दिसतं का ते?

दिसतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की काम करत राहा, मोठी माणसं बघत असतात. इथली मोठी माणसं बघत असतात, पण त्यांना नऊ जण एकदम दिसत असतात.

म्हणण्याची जागा ठरलेली आहे. सार्जंटने तुमचं नियमित काउन्सेलिंग करायचं असतं, फॉर्म ४८५६वर. तिथे ध्येयाची जागा असते. तिथे लिहायचं, “अठराव्या महिन्यात स्पेशलिस्टसाठी नाव जावं असा माझा प्रयत्न आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्याकडून काय दिसायला हवं?” हा प्रश्न मागणीसारखा वाटत नाही, आणि सार्जंटला उत्तर लिहावं लागतं. पुढच्या महिन्यात तोच कागद समोर येतो. मी सार्जंट असताना असं विचारणारी पोरं थोडीच होती आणि ती मला आजही नावानिशी आठवतात.

कॅप्टनकडे थेट जाऊन मागू नका. ते खरंच बरं दिसत नाही.

आडनाव कुणाला म्हणता येत नाही. त्याचा तोटा होतो का?

माझ्या आडनावात इंग्रजी अकरा अक्षरं आहेत. पहिल्याच दिवशी ड्रिल सार्जंटने नेमटेपकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, “अल्फाबेट.” लांब नावाच्या प्रत्येक शिपायाचं आर्मीत हेच बारसं होतं, पोलिश असो, हवाईचा असो की आपला. सहा वर्षं मी अल्फाबेट होतो. आईला हे सांगितलं तर तिला अपमान वाटला. मला नाही वाटला. चारशे माणसांत अल्फाबेट एकटा मीच.

पण बोर्डावर आणि कागदांवर पूर्ण नाव नीट येऊ द्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, हा घोळ भरतीच्या वेळीच निस्तरा. एका ओळखीच्या मुलाचे कॉलेजचे तास दुसऱ्याच स्पेलिंगखाली महिनोन्‌महिने पडून होते.

वेळ भरली, फ्लॅग नाही, तरी सार्जंट नाव पुढे करत नाही. काय करायचं?

आधी बघा, वेळ कुठली भरली. वेव्हरची भरली असेल तर तो कुणाचा हक्क नाही, गप्प बसून काम करा. पूर्ण वेळ भरूनही कमांडरने अडवलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमच्या सार्जंटने तुम्हाला बसवून कारण सांगायचं असतं, काय कमी आहे आणि ते कसं भरायचं हे कागदावर लिहून. तो कागद मागा. न चिडता मागा. मिळाला नाही तर प्लाटून सार्जंट, मग फर्स्ट सार्जंट, मग कमांडरचा ‘ओपन डोअर’. पायरी गाळू नका. आई-बाबांनी युनिटला फोन करू नये, ही हात जोडून विनंती. मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेलो आहे.

मित्राला भरती केलं की प्रमोशन मिळतं म्हणे?

२०२३मध्ये भरती फार घटल्यावर आर्मीने अशी योजना आणली खरी. तुम्ही नाव सुचवलेला माणूस बेसिकला रवाना झाला की खालच्या रँकच्या सैनिकाला एक पायरी. तेव्हा मी बाहेर पडलो होतो. प्रामाणिक मत विचाराल तर मला ती पटली नाही. चुलतभावाला गळ घालून मिळालेल्या गरुडाबद्दल फर्स्ट सार्जंटने “का?” विचारलं तर सांगणार काय?

काका म्हणतात स्पेशलिस्ट म्हणजे आपला नाईक. बरोबर?

पगाराच्या पायरीने म्हणता येईल, अधिकाराने नाही. नाईकच्या हाताखाली माणसं असतात, दोन फिती असतात. त्याच्या जवळचा इथला माणूस कॉर्पोरल. भारतात शिपायाचा नाईक व्हायला जागा रिकामी लागते, ज्येष्ठतेची यादी असते, प्रमोशन केडर पास व्हावं लागतं, नकाशावाचन आणि शिक्षणाच्या परीक्षा असतात, मेडिकल कॅटेगरी लागते. वर्षं जातात त्यात. म्हणून आठ, सोळा आणि चोवीस वर्षांना पगाराची पायरी तरी वाढावी अशी एमएसीपीची सोय तिथे आहे. अग्निवीरांचं आणखी वेगळं. चार वर्षं त्यांची रँक स्वतंत्रच असते.

काकांना मी हे समजावलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, “म्हणजे माणसं नाहीत हाताखाली? मग कसलं प्रमोशन?” त्यांच्या बाजूने त्यांचं बरोबर होतं. ई-४ होऊन कामातून अंग काढणाऱ्यांची इथे मोठी जमात आहे. गरुडाच्या त्या ढालीला पोरंच ‘शॅम शील्ड’ म्हणतात, कामचुकारांची ढाल.

ई-४ लवकर झालं. पुढे?

पुढचं कमांडरच्या एका सहीवर चालत नाही. सार्जंटला बोर्डाची शिफारस लागते, मग ८०० गुणांपैकी तुमचे गुण, आणि दर महिन्याला तुमच्या शाखेची कट-ऑफ. पीटी, नेमबाजी, पदकं, कोर्स, कॉलेज, सगळ्याचे गुण. वर बेसिक लीडर कोर्स, २२ दिवसांचा. काही शाखांची कट-ऑफ वर्षानुवर्षं आभाळात असते, काहींची जमिनीवर, आणि त्यात तुमचा काही दोष नसतो.

कॉलेजचे तास ई-३ असतानाच सुरू करा. ट्यूशन असिस्टन्समधून एका सेमिस्टर तासाला २५० डॉलरपर्यंत आर्मी देते. मी उशिरा सुरू केलं आणि त्याची किंमत मोजली.

प्रमोशनच्या दिवशी आई-बाबांना बोलावता येतं का?

येतं. समारंभ पाच मिनिटांचा असतो, बहुधा सकाळच्या किंवा दुपारच्या फॉर्मेशनला. “अटेन्शन टू ऑर्डर्स” अशी आरोळी होते, ऑर्डर वाचतात, जुनी रँक काढून नवी लावतात. लावायला घरच्या माणसाला पुढे बोलावता येतं, फर्स्ट सार्जंटला दोन दिवस आधी सांगून ठेवा. बाबांना सांगा, व्हेल्क्रो आहे, नुसतं दाबायचं. माझ्या बाबांनी टाचणी शोधली होती.

गेटवर त्यांना व्हिजिटर सेंटरमध्ये पास काढावा लागेल. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर असू द्या आणि निदान तासभर आधी पोचा. पेढे न्यायला हरकत नाही. स्वतः मात्र एकच खा.